पावसाळ्यापूर्वी झाडांची छाटणी करून घेताना ठेकेदाराला सुरक्षिततेच्या कोणत्या अटी घालाव्यात?

प्रश्न : सोसायटी सचिव, पुणे

सर्वांना नमस्कार.

पुण्याच्या पश्चिम भागातील एका सहकारी गृहरचना संस्थेचा मी मानद सचिव आहे. आमच्या आवारात चार जुने पर्जन्यवृक्ष, तीन गुलमोहर, दोन सोनमोहर आणि कुंपणालगत एक मोठा पिंपळ आहे. इमारती १९८० च्या दशकातल्या असल्या, तरी पर्जन्यवृक्ष त्याहून जुने असावेत. त्यांच्या फांद्या आता तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत आणि संपूर्ण वाहनतळावर पसरल्या आहेत. दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घेऊन आम्ही वाळलेल्या व धोकादायक फांद्या काढून घेतो.

गेल्या वर्षी या कामात जे घडले, त्यामुळे हा प्रश्न विचारत आहे. ठेकेदाराचा विशीतला एक मुलगा अनवाणी, कमरेला नायलॉनचा दोर बांधून सुमारे पंचवीस फुटांवर उभा होता आणि एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने चेनसॉ चालवत होता. फांदी पूर्ण कापली जाण्याआधीच सालीसकट फाटली आणि झोका घेऊन खोडावर आदळली. त्या धक्क्याने त्याचा पाय सुटला. कमरेच्या दोरामुळे तो खाली पडला नाही, परंतु पंधरा मिनिटे तसाच लटकत राहिला, कारण त्याला खाली कसे आणायचे हे खाली उभ्या असलेल्या आम्हां सात-आठ जणांपैकी कोणालाही माहीत नव्हते. आमची शिडी पोहोचत नव्हती. शेवटी त्याचा एक सोबती कोणत्याही आधाराविना वर चढला आणि त्याने त्याला ओढून बेचक्यात बसवले. मुलाच्या बरगड्यांना मार बसला होता. चहा झाल्यावर ठेकेदार त्याला पुन्हा चढवू लागला, तेव्हा मी काम थांबवले.

या वर्षी तीन दरपत्रके आली आहेत आणि सर्वांत कमी दर सर्वांत जास्त दराच्या निम्म्याहूनही कमी आहे. कार्यकारिणीतील बहुतेकांचे म्हणणे असे आहे की, कामगारांची सुरक्षितता ही ठेकेदाराची बाब असून संस्थेने त्यात पडू नये. काहींचे असेही म्हणणे आहे की, या कामगारांना स्वतःलाच पट्टे आणि हेल्मेट नको असतात. मला हे पटत नाही, पण या विषयातले ज्ञान नसल्यामुळे मी ठामपणे बोलू शकत नाही. ठेकेदाराला नेमके काय विचारावे, साहित्यात काय पाहावे, कुंपणाच्या कडेने जाणाऱ्या विजेच्या तारांबाबत काय करावे आणि पुन्हा तसाच प्रसंग आला तर काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : वृक्षारोही

सचिव महोदय, सह्याद्रीतील प्रस्तरारोहणातून मी या व्यवसायात आलो, काही वर्षे ब्रिटनमध्ये एका वृक्षसेवा कंपनीत काम केले आणि आता पुण्यातच हे काम करतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वर्णनातच आहे, असे मला वाटते. साहित्याची यादी मागण्याआधी प्रत्येक ठेकेदाराला एकच प्रश्न विचारा : वर चढलेला माणूस जखमी झाला किंवा अडकला, तर त्याला खाली कोण आणणार, आणि कशाने? ज्याने हे काम गांभीर्याने शिकले आहे, तो त्या माणसाचे नाव सांगेल, दुसरा हार्नेस (अंगावर बांधायचा पट्ट्यांचा संच) आणि दुसरा दोर दाखवेल. ज्याने शिकलेले नाही, तो ‘आजपर्यंत तसे काही झाले नाही’ असे सांगेल. ब्रिटनमध्ये मी परीक्षा दिली तेव्हा झाडावर दोराने चढणे आणि झाडावरून माणसाची सुटका करणे हे एकाच प्रमाणपत्राचे दोन भाग होते, आणि ते मिळाल्याशिवाय झाडावर चेनसॉ चालवण्याच्या पुढच्या परीक्षेला बसता येत नव्हते. चढता येणाऱ्या दोन व्यक्ती जागेवर असल्याशिवाय एकानेही चढायचे नाही, हा नियम त्यातूनच येतो. दुसऱ्याने हार्नेस अंगावर चढवून तयार राहायचे असते, कारण हार्नेस शोधून घालण्यातच पाच मिनिटे जातात.

आता दोराविषयी. कमरेला बांधलेला दोर हे सुरक्षिततेचे साधन नव्हेच. हार्नेस मात्र कोणताही चालेल असेही नाही, आणि इथे आपली फसगत होऊ शकते. बांधकामावर वापरतात तो भारतीय मानक ३५२१ चा, पाठीवर कडी असलेला पूर्ण अंगाचा पट्टा अनेक ठेकेदार आणून दाखवतात. पडणाऱ्या माणसाला अडवण्यासाठी तो बनवलेला आहे आणि त्या कामात तो उत्तम आहे, परंतु पाठीमागून टांगलेल्या माणसाला आपल्या हातांनी स्वतःची सुटका करता येत नाही. शिवाय झाडावर त्याचा हूक बहुधा डोक्याच्या वर अडकवलेला नसतो, तर पायाजवळच्या फांदीला गुंडाळलेला असतो. वृक्षकामाचा हार्नेस मांड्या आणि कंबर पेलतो, त्याची मुख्य कडी समोर असते आणि चढणारा माणूस पूर्ण वेळ दोरावर बसलेला असतो. त्याचे वजन दोरावर असते, फांदीवर तो फक्त पाय टेकतो. म्हणजे पाय सुटला तरी तो पडत नाही, जागच्या जागी झुलतो. यासाठी दोराचा आधार सतत त्याच्या वर हवा आणि दोरात ढील नको. मी स्वतः किमान दहा सेंटीमीटर व्यासाच्या जिवंत बेचक्याखेरीज आधार घेत नाही, आणि चढण्यापूर्वी जमिनीवरून दोन माणसांचे वजन त्या दोरावर टाकून पाहतो.

करवत चालवताना मुख्य दोराखेरीज दुसरा, स्वतंत्र आधार हवाच. खोडाभोवती घेतलेला लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसला जोडलेला आखूड दोर, त्यासाठी असतो. कारण अगदी साधे आहे : फिरणारी साखळी ताणलेल्या दोराला लागली, तर तो क्षणात तुटतो. ब्रिटनमध्ये २०२० पासून उद्योगाच्या आचारसंहितेने, केवळ करवत चालवतानाच नव्हे, तर झाडावरच्या सर्वसाधारण कामासाठीही एकाच वेळी दोन स्वतंत्र आधार गृहीत धरले आहेत. माणसाला पेलणारे प्रत्येक साहित्य तिथे दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावे लागते आणि त्याची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे अशी सक्ती नसली, तरी हार्नेसवरच्या चिठ्ठीवरील उत्पादनाचे वर्ष पाहणे, दोर हातातून सरकवून कुठे मऊ, चपटा किंवा जळका लागतो का ते पाहणे आणि कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) आपोआप बंद होऊन कुलूपबंद होतो का ते पाहणे हे आपणही दहा मिनिटांत करू शकता. ओझे उतरवण्याचा दोर आणि माणसाचा दोर एकच असेल, तर त्या ठेकेदाराला तिथेच नकार द्या.

गेल्या वर्षी फांदी का फाटली, हेही सांगतो. फांदी वरूनच कापत गेले, की शेवटची जाडी शिल्लक असतानाच ती स्वतःच्या वजनाने वाकते आणि खालची साल खोडापर्यंत सोलत झोका घेते. म्हणून आधी खालच्या बाजूने सुमारे एक चतुर्थांश काप घ्यायचा, मग त्याच्या थोडे बाहेरच्या बाजूला वरून कापायचे आणि उरलेला खुंट शेवटी, बुडाशी दिसणारा फुगीर कंगोरा न दुखावता काढायचा. माणसाची आणि झाडाची सुरक्षितता इथे एकाच कापात आहे, कारण सोललेल्या सालीतून बुरशी शिरते आणि काही वर्षांनी त्याच जागी झाड मोडते. फांदीचे वजनही लोक फार कमी धरतात. तीस सेंटीमीटर जाडीचा आणि तीन मीटर लांबीचा ओला तुकडा दीडशे ते दोनशे किलो भरतो, आणि तो सैल दोरावर सोडला तर दोराला बसणारा हिसका त्याच्या कितीतरी पट असतो. अशा फांद्या छोट्या तुकड्यांतच काढल्या पाहिजेत. एका दिवसात आवार ‘मोकळे करून देतो’ असे सांगणाऱ्याला हे जमणार नाही.

चेनसॉ एका हाताने चालवणे ही सर्वांत वाईट सवय आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला टेकला, तर करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. दोन्ही हातांची पकड आणि साखळीचा ब्रेक एवढेच तेव्हा आपल्या बाजूला असते. साखळीचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक, म्हणजे ताशी बहात्तर किलोमीटर असतो, हे लक्षात घेतले की एक हात मोकळा ठेवण्याचा मोह कमी होतो. या करवतीसाठी विशेष विजार मिळते. तिच्या थरांतले लांब धागे साखळीत गुंतून चाक थांबवतात. जमिनीवर काम करणाऱ्याला पुढच्या बाजूचे संरक्षण पुरते, परंतु झाडावर पाय कोणत्याही कोनात असल्यामुळे चहूबाजूंनी संरक्षण देणारी विजार लागते. मे महिन्यात पुण्यात ती अंगावर ठेवणे फार कठीण आहे, हे मी मान्य करतो. म्हणूनच माझे काम पहाटे सहाला सुरू होते आणि साडेदहाला थांबते. दुपारी तीनला ती विजार घालून चढा असे कामगाराला सांगणे अन्यायाचे आहे, आणि विजारीशिवाय चढा असे सांगणेही तितकेच अन्यायाचे आहे.

उत्तर २ : निवृत्त वीज अभियंता

महावितरणच्या वितरण विभागात मी अनेक वर्षे काम केले. वृक्षारोही यांनी तारांचा विषय माझ्यासारख्यांसाठी सोडला असावा, म्हणून लिहितो.

‘तारेला हात लावला नाही, म्हणजे झाले’ हा समज माणसे मारतो. ओली फांदी, ओला दोर आणि घामाने भिजलेला माणूस हे सर्व विजेचे वाहक आहेत. ॲल्युमिनियमची शिडी तर आहेच. पुण्यात उच्चदाब वाहिन्या ११ आणि २२ हजार व्होल्टच्या आहेत, आणि त्या दाबाला तारेला स्पर्श होण्याचीही गरज नसते, पुरेसे जवळ गेले तरी वीज झेप घेते. अमेरिकेतील वृक्षकामाच्या मानकात, विजेच्या कामाचे खास प्रशिक्षण नसलेल्या कामगाराने ५० हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून स्वतःला, अवजाराला आणि हातातल्या फांदीलाही किमान ३.०५ मीटर दूर ठेवावे असे सांगितले आहे. आपल्याकडे अरुंद गल्ल्यांत एवढे अंतर मिळणे कठीण असते, म्हणून उत्तर एकच उरते : वीजपुरवठा बंद करून घेणे. यासाठी आपल्या विभागीय उपकेंद्राकडे किंवा शाखा कार्यालयाकडे आधी लेखी अर्ज करा. ठरलेल्या दिवशी त्यांच्या कर्मचाऱ्याने पुरवठा बंद केला, तार निर्विद्युत असल्याचे तपासले आणि तिला अर्थिंग केले, म्हणजे जमिनीशी जोडले, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणालाही चढू देऊ नका. दिवे गेले म्हणजे तार मेली, असे कधीही समजू नये. ठेकेदाराच्या ओळखीच्या वायरमनने फ्यूज काढून दिला, हा तर पुरवठा बंद केल्याचा पुरावा नव्हेच.

एक धोका विशेष लक्षात ठेवा, कारण तो तुमच्याच आवारातून येतो. बाहेरचा पुरवठा बंद झाला, की सोसायटीचे जनरेटर सुरू होते. बाहेरचा पुरवठा आणि जनरेटर यांपैकी एका वेळी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच नीट बसवलेला नसेल, किंवा एखाद्या सदनिकेतला इन्व्हर्टर चुकीच्या पद्धतीने जोडलेला असेल, तर वीज उलट दिशेने बाहेरच्या तारेत जाते, आणि झाडावरचा माणूस ती तार मृत समजून काम करत असतो. छतावरील सौर यंत्रणा नियमानुसार बसवलेली असेल, तर जाळ्यातला पुरवठा गेल्यावर ती आपोआप थांबते, तरीही कामाच्या दिवशी तिचा स्विच बंद करून त्यावर सूचना लावावी असे मी सुचवतो. जनरेटरची किल्ली त्या वेळेपुरती सचिवांनी स्वतःच्या खिशात ठेवावी.

पुण्याच्या बऱ्याच भागांत तारा जमिनीखाली आहेत. वर तार दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊन जेसीबीने बुंधा उपटायला गेलेले लोक मी पाहिले आहेत. बुंधा काढायचा असेल, तर केबलचा मार्ग आधी विचारून घ्या.

आणि कोणी तारेला चिकटलाच, तर त्याला, झाडाला किंवा त्याच्या दोराला स्पर्श करू नका. लोकांना मागे हटवा, १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर कळवा आणि पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणालाही वर जाऊ देऊ नका. हे लिहायला सोपे आणि त्या क्षणी पाळायला फार अवघड आहे. परंतु अशा अपघातांत दुसरा बळी वाचवायला धावलेल्याचाच जातो.

उत्तर ३ : माडबागाईतदार, रत्नागिरी जिल्हा

कामगारांनाच साधने नको असतात, या मुद्द्यावर थोडे लिहावेसे वाटते. आमच्याकडे नारळ पाडणारे पाडेली पंधरा-वीस मीटरच्या माडावर पायात दोराचा फास घालून चढतात, आणि त्यांचे कौशल्य पाहून कोणीही थक्क होईल. माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्या बागेत येणारे एक काका पट्टा बांधायला ठाम नकार देत. मी बरीच वर्षे तो हट्ट समजत होतो. एकदा शांतपणे विचारल्यावर ते म्हणाले की, पट्ट्यामुळे एका माडाला दुप्पट वेळ लागतो आणि मजुरी माडामागे मिळते. तेव्हापासून आम्ही त्यांना दिवसावर मजुरी देऊ लागलो. पुढच्याच हंगामात ते पट्टा वापरू लागले. आपल्या कार्यकारिणीतील सभासदांना एवढेच सांगा की, कामगाराला साधन नको असते असे नव्हे, त्याला साधनामुळे होणारे नुकसान परवडत नसते, आणि ते नुकसान आपल्या दरामुळे होते.

माड आणि आपला पर्जन्यवृक्ष यांत फरक आहे, हे मी जाणतो. माडाला फांदी नसल्यामुळे वर दोर अडकवता येत नाही, म्हणून तिथे खोडाभोवतीचा पट्टा किंवा पायांत अडकवायचे शिडीयंत्रच उपयोगी पडते. केरळमध्ये २०११ पासून नारळ विकास मंडळाने तरुणांना अशा यंत्रावर चढण्याचे रीतसर प्रशिक्षण दिले, आणि नारळावर चढणाऱ्यांसाठी मंडळाची ‘केरा सुरक्षा’ ही अपघात विमा योजनाही आहे. शहरात झाडे छाटणाऱ्यांसाठी तशी योजना नसल्यामुळे त्यांच्या विम्याची चौकशी काम देणाऱ्यानेच केली पाहिजे.

चढण्यापूर्वी झाडावर मधमाश्यांचे पोळे, गांधीलमाश्यांचे घर किंवा पानांच्या गोळ्यांत ओंबील (चावऱ्या तांबड्या मुंग्या) आहेत का, हे खालून दुर्बिणीने पाहून घ्या. आग्या मोहोळ उठले, तर जमिनीवरचा माणूस पळू शकतो, दोरावर बसलेला पळू शकत नाही. पक्ष्यांची घरटीही त्याच वेळी दिसतील. पावसाळ्याच्या तोंडावर बगळे आणि वंचक शहरातल्या मोठ्या झाडांवर वीण घालतात, आणि पिल्लांसकट फांदी पाडणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. शक्य असेल तर छाटणी मे महिन्यापर्यंत न लांबवता हिवाळा संपता संपता करून घ्यावी. ऊनही कमी असते.

उत्तर ४ : अस्थिशल्यचिकित्सक

अपघात विभागात झाडावरून पडलेले रुग्ण मी नियमितपणे पाहतो. त्या अनुभवातून थोडे सांगतो.

दहा मीटरवरून पडणारा माणूस दीड सेकंदाच्या आत, ताशी सुमारे पन्नास किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. अशा माणसाला हात-पाय धरून उचलून रिक्षात घालणे, हे मणक्याच्या दृष्टीने पडण्याइतकेच घातक ठरू शकते. डोके आणि मान एका रेषेत स्थिर धरा, श्वास चालू आहे का ते पाहा, १०८ ला फोन करा आणि आग लागणे किंवा वर फांदी लोंबकळणे असा तातडीचा धोका नसेल तर त्याला हलवू नका. रुग्ण शुद्धीवर असून ‘मी ठीक आहे’ असे म्हणत असला, तरी पोटातील रक्तस्राव तासाभरानेही प्रकट होऊ शकतो. गेल्या वर्षी बरगड्यांना मार बसलेल्या मुलाला पुन्हा चढू न देण्याचा आपला निर्णय वैद्यकीयदृष्ट्या अत्यंत योग्य होता. त्याला रुग्णालयात न्यायला हवे होते.

लटकलेल्या माणसाविषयी बरेच गैरसमज आहेत. हार्नेसमध्ये हालचाल न करता उभ्या स्थितीत लटकल्यास पायांत रक्त साचते, हृदयाकडे परत येणारे रक्त कमी होते आणि निरोगी माणूसही काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. कमरेच्या दोरावर त्याच्या जोडीला श्वासपटलावर दाब येऊन श्वास घेणेच अवघड होते. म्हणून पंधरा मिनिटे ही गप्पांत सांगण्यासारखी वेळ नसून ती मृत्यूच्या अगदी जवळची वेळ आहे. तो शुद्धीवर असेल, तर त्याला पाय हलवत राहण्यास, फांदीवर किंवा दोराच्या फासात पाय टेकवून वजन उचलण्यास सांगा. खाली आणल्यावर त्याला आडवे करू नका, अर्धवट बसवून ठेवा, असा सल्ला पूर्वी दिला जाई आणि काही प्रशिक्षणांत तो अजूनही ऐकू येतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने २००९ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा त्या सल्ल्याला आधार आढळला नाही. बेशुद्ध माणसाला नेहमीच्या प्रथमोपचाराप्रमाणे आडवेच करावे.

चेनसॉची जखम चाकूसारखी सरळ नसते. साखळी मांस ओरबाडून नेते आणि जखमेत भुसा व तेल जाते. स्वच्छ कापड जखमेत ठासून दोन्ही हातांनी घट्ट दाब द्या. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबाने थांबत नसेल, तर जखमेच्या वरच्या बाजूला टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) आवळा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. दाब देण्याची मोठी पट्टी आणि टूर्निके चढणाऱ्याच्या हार्नेसवरच असावेत, कारण खालच्या पेटीतील पट्टी वर असलेल्याच्या उपयोगाची नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे का, हे कामगारांना आधीच विचारा.

सोसायटी सचिव, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री कार्यकारिणीच्या बैठकीत मी ही उत्तरे वाचून दाखवली. माडबागाईतदारांच्या पाडेली काकांची हकिकत ऐकल्यावर, दर निम्मा असलेले पत्रक बाजूला ठेवण्यास कोणाचाही विरोध राहिला नाही. उरलेल्या दोन ठेकेदारांना मी सुटकेचा प्रश्न विचारला. एकाने विषय बदलला. दुसऱ्याने त्याचा सुटका करणारा माणूस सोबत आणला आणि आमच्याच गुलमोहरावर प्रात्यक्षिक दाखवण्याची तयारी दर्शवली.

त्याने पाहणी करताना दोन गोष्टी सांगितल्या, त्यांबाबत मार्गदर्शन हवे आहे. एका पर्जन्यवृक्षाच्या बुडाशी बशीसारखी कडक तपकिरी बुरशी उगवली आहे, आणि त्या झाडावर आपण चढणार नाही असे तो म्हणाला. दुसरे म्हणजे, कामाच्या दिवशी आवारातील ये-जा नेमकी किती बंद ठेवावी लागेल? आमच्याकडे शाळेच्या बस सकाळी सातला येतात. विम्याविषयीही आम्हांला नेमके काय मागावे हे कळलेले नाही.

वृक्षारोही

तो माणूस योग्य आहे, त्यालाच काम द्या. बुडाशी अशी बुरशी दिसणे म्हणजे मुळे आणि बुंध्याचे लाकूड आतून कुजत असण्याची दाट शक्यता असते, मग वरची पाने कितीही हिरवी दिसोत. चढणारा आपले संपूर्ण वजन त्याच लाकडाच्या भरवशावर टाकतो. वर एखादी जड फांदी सुटली की खोडाला हिसका बसतो, आणि कुजलेली मुळे तो पेलतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. लाकडी हातोडीने खोडावर सगळीकडून ठोकून आवाज पोकळ येतो का ते पाहावे, बुंध्याभोवतीची माती एका बाजूने उचललेली किंवा भेगाळलेली आहे का ते पाहावे. गेल्या काही वर्षांत तिथे केबलसाठी किंवा पेव्हर ब्लॉकसाठी खोदकाम झाले असेल, तर तेही सांगावे, कारण तोडलेल्या मुळांचा परिणाम अनेकदा काही वर्षांनी दिसतो. या झाडाचे काम हायड्रोलिक शिडीच्या पिंजऱ्यातूनच व्हावे, म्हणजे माणसाचा भार झाडावर येणार नाही. पिंजऱ्यातही हार्नेस बांधलेलाच हवा.

या झाडासाठी वृक्ष अधिकाऱ्यांना स्वतंत्र पत्र देऊन पाहणीची विनंती करा. १९७५ च्या राज्याच्या वृक्ष अधिनियमात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळालेला आहे. आपले पर्जन्यवृक्ष इमारतींच्या आधीचे असतील, तर ते त्या वयाच्या आसपास आहेत. त्यामुळे वयाची नोंद करून घेणे आणि परवानगीपत्रात कोणत्या झाडाची कोणती फांदी, हे स्पष्ट लिहून घेणे आपल्याच हिताचे आहे. ‘धोकादायक’ या एका शब्दाखाली शेंडा छाटून झाडाचा खांब करू देऊ नका. तसे केल्यावर कापलेल्या जागी जे असंख्य कोंब फुटतात, ते वरवरच्या सालीतूनच आलेले असतात, आणि पाच-सात वर्षांनी नेमके तेच वाऱ्यात मोडून खाली येतात.

आता ये-जा. झाड मुळातून पाडायचे असते, तेव्हा त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी असू नये. फांद्या काढताना क्षेत्र लहान असते, परंतु फांदी उसळून किंवा लोळत बाजूला जाते, म्हणून पर्णसंभाराच्या कडेपासून आणखी काही मीटर बाहेर दोरी बांधून घ्या. वाहने आदल्या रात्रीच हलवा. सकाळी सहाला एखादा सभासद झोपलेला असतो आणि त्याच्या गाडीसाठी सगळे थांबतात, मग उशीर भरून काढण्यासाठी घाई होते, आणि घाईतच माणसे पडतात. बस मागच्या फाटकाने घ्या किंवा साडेसहा ते साडेसात करवत बंद ठेवा. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला दोरीपाशी उभे करू नका, त्याचे लक्ष फाटकाकडेच राहणार. दोरीपाशी दुसरे काही काम नसलेली एक व्यक्ती हवी.

वरचा आणि खालचा यांच्यात हाक आणि प्रतिसाद ठरलेला असावा. आमच्या चमूत वरचा ‘सोडू?’ असे विचारतो आणि खालचा वर पाहून, क्षेत्र मोकळे असल्याची खात्री करून ‘सोड’ म्हणतो. उत्तर आले नाही, तर काप पुरा होत नाही. करवतीच्या आवाजात आणि कानांवरच्या संरक्षणामुळे हाक ऐकू येत नाही, म्हणून हेल्मेटमधले छोटे वायरलेस संच आता बरेच जण वापरतात. ते नसतील, तर करवत बंद करूनच बोलायचे. फांद्या ओढणारा साथीदार दोरीच्या आत जातो तोही फक्त वरच्याने करवत थांबवून होकार दिल्यावर.

विम्याबाबत ठेकेदाराकडून कामगार नुकसानभरपाईच्या पॉलिसीची प्रत घ्या आणि तीन गोष्टी स्वतः वाचा : कामाच्या वर्णनात झाडांवरील किंवा उंचीवरील काम लिहिले आहे का, कामगारांची संख्या प्रत्यक्ष येणाऱ्यांएवढी आहे का आणि मुदत कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत आहे का. बागकामाच्या नावाने घेतलेल्या पॉलिसीत उंचीवरचा अपघात बसेलच असे नाही. आवारातील गाड्या व इतर मालमत्तेसाठी वेगळे संरक्षण लागते.

कार्यादेशात एक वाक्य माझ्या आग्रहाखातर घाला : वर चढणाऱ्याने, वारा, पाऊस, झाडाची स्थिती किंवा स्वतःची तब्येत यांपैकी कोणत्याही कारणाने चढण्यास नकार दिला, तर त्या दिवसाची त्याची मजुरी कापली जाणार नाही आणि संस्था ठेकेदारावर विलंबाचा दंड लावणार नाही. पहिल्या दिवशी सहाला मी स्वतः येऊन दोरांची तपासणी आणि सुटकेचे प्रात्यक्षिक पाहीन. त्याचे कोणतेही शुल्क नको. फक्त पिण्याचे पाणी आणि सावलीत बसायला एक जागा चमूसाठी तयार ठेवा, आणि जवळच्या अपघात विभागाचा रस्ता सकाळी सहाला उघडा असतो का, ते आदल्या दिवशी एकदा स्वतः जाऊन पाहून या.